इनामाचा आकडा आणि पदवीची तीन वर्षं

गुढीपाडवा उलटला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर यात्रांचे फ्लेक्स लागतात. वर ग्रामदैवताचा फोटो, त्याखाली गावातल्या मानकऱ्यांचे चेहरे आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’. मग जोड्या. डावीकडे एका तालमीचा पैलवान, उजवीकडे दुसऱ्या तालमीचा आणि दोघांच्या मध्ये इनामाचा आकडा. पहिल्या नंबरची कुस्ती लाखाच्या घरात किंवा त्याच्याही वर. तिथून खाली उतरत पन्नास हजार, पंचवीस हजार, दहा हजार. अगदी तळाला लहान पोरांच्या कुस्त्या, शंभर-दोनशेवर नाहीतर नुसत्या नारळावर लावलेल्या.

मोठी माणसं हा फ्लेक्स वरून खाली वाचतात. तालमीत जाणारा सोळा वर्षांचा पोरगा तो खालून वर वाचतो. गेल्या वर्षी आपण कुठल्या ओळीत होतो, यंदा कुठे आहोत आणि आणखी दोन वर्षं नेटाने मेहनत केली तर कुठे पोहोचू, हे त्याला त्या एका कागदावर दिसतं. कॉलेजात असा कागद त्याला कोणी दाखवत नाही. पदवीच्या तीन वर्षांनंतर हातात काय येईल, हे प्राध्यापक सांगू शकत नाहीत आणि घरच्यांनाही ठाऊक नसतं.

त्यात वेळापत्रक आडवं येतं. यात्रांचा हंगाम चैत्र-वैशाखाचा, म्हणजे एप्रिल-मे. विद्यापीठाच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षाही साधारण त्याच दिवसांत. दुपारी तीनला पेपर आणि संध्याकाळी पाचला पन्नास किलोमीटरवरच्या गावात कुस्ती, असं झालं की काहीतरी एक सोडावंच लागतं. बहुतेक पोरं पेपर सोडतात. एक पेपर राहतो, मग वर्ष राहतं आणि मग कॉलेजच. हे असं हळूहळू घडतं. कोणी एका सकाळी उठून ‘मी शिक्षण सोडलं’ असं जाहीर करत नाही.

मैदानावर पैसा मिळतो म्हणून वर्ग सोडणाऱ्या तरुणांची सर्वांत जास्त चर्चा झाली ती अमेरिकेत, बास्केटबॉलच्या निमित्ताने. त्या चर्चेचं मूळ आपल्याला लगेच कळेल असं आहे. स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपी राज्यातल्या सिल्व्हर सिटी नावाच्या खेड्यातला. घरात दहा भावंडं, आई कापूस वेचायची. 1968च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघाला त्याने सुवर्णपदक मिळवून दिलं, मग डेट्रॉइटच्या विद्यापीठात खेळला आणि 1969मध्ये शिक्षण अर्धवट टाकून व्यावसायिक संघात गेला. तेव्हा एनबीए या तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगचा नियम असा होता की शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला संघात घ्यायचं नाही. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1971मध्ये निकाल हेवूडच्या बाजूने लागला. मग एनबीएने मधला मार्ग काढला. घरची परिस्थिती हलाखीची आहे हे खेळाडूने सिद्ध करून दाखवलं, तर त्याला लवकर येता येईल. 1976पर्यंत ही अट होती. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाने अर्ज करून सांगायचं की आमच्या घरी पैसा नाही, मला खेळू द्या. उसाच्या फडावर कोयता चालवणाऱ्या आईबापाच्या पोराला या अर्जाचा मजकूर कोणी समजावून सांगायला नको.

पुढे अट गेली आणि दार सताड उघडलं. 1995मध्ये केव्हिन गार्नेट, 1996मध्ये कोबी ब्रायंट आणि 2003मध्ये लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट व्यावसायिक झाले, कॉलेजची पायरीही चढले नाहीत. ही नावं जगाला पाठ आहेत. कोर्लियन यंग हे नाव कोणाला आठवत नाही. तोही 1998मध्ये असाच शाळेतून थेट आला, डेट्रॉइट पिस्टन्सने त्याला चाळीसाव्या क्रमांकावर निवडलं आणि एनबीएत तो एकूण तीन सामने खेळला. 2005मध्ये एनबीएने पुन्हा नियम बदलला: वय किमान 19 आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं असावं. तेव्हापासून एक वर्ष कॉलेजात खेळून निघून जाण्याची रीत पडली.

या गोष्टीत आपल्या देशाचाही एक माणूस आहे. पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग 2010मध्ये, चौदा वर्षांचा असताना, फ्लोरिडातल्या एका क्रीडा अकादमीत गेला. 2015मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला कोणी खेळाडू एनबीएच्या निवडीत येण्याची ती पहिलीच वेळ होती आणि तो आला तोही कॉलेजात न खेळता. एनबीएचा एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला.

आता परत नीरा-भीमेच्या पट्ट्यात येऊ. आपल्याकडे बास्केटबॉल म्हणजे मोठ्या शाळांच्या पटांगणावर संध्याकाळी खेळायचा खेळ, पोट भरायचा नव्हे. पोट भरू शकतात अशा दोन गोष्टी: कुस्ती आणि कबड्डी. यातली कुस्ती ही आपली सर्वांत जुनी व्यावसायिक व्यवस्था आहे, असं मी अगदी विचारपूर्वक म्हणतो. क्रिकेटची लीग 2008मध्ये आली, कबड्डीची 2014मध्ये. यात्रेतल्या इनामावर घर चालवणारे पैलवान त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून आहेत.

तालमीतल्या पोराचा दिवस पाहिला म्हणजे शिक्षण कुठे गळतं हे कळतं. पहाटे चारला वस्तादाची हाक. अंधारात धावणं, मग जोर, बैठका, सपाट्या. हौदातली माती खोऱ्याने उकरून मऊ करायची आणि तिच्यात लढत करायची. अंगावरची माती वाळेपर्यंत बसून राहायचं, मग अंघोळ आणि थंडाई. दहा वाजता कॉलेजच्या बाकावर बसलेल्या या मुलाचे डोळे मिटू लागतात. तो आळशी नाही. वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त काम तो तोवर करून आलेला असतो. दुपारी झोप हवी, कारण झोपेशिवाय अंग भरत नाही, आणि चारला पुन्हा सराव. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या तालमीत राहायला गेलेल्या पोराचं कॉलेज तर गावाकडेच राहतं. नाव बारामतीच्या किंवा इंदापूरच्या हजेरीपटावर आणि मुलगा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत.

खुराकाचा हिशेब मांडून पाहू. रोज दोन लिटर दूध धरलं आणि लिटरला 60 रुपये धरले, तर महिन्याचे 3,600. शंभर ग्रॅम बदाम, किलोला 900च्या भावाने, महिन्याचे 2,700. तूप, अंडी, मटण, फळं आणि तालमीची खोली अजून यात आलेलीच नाहीत. घरात दोन दुभत्या म्हशी असतील तर पहिला आकडा डेअरीला न घातलेल्या दुधाच्या रूपाने भरला जातो, पण तो भरावा तर लागतोच. बारामती तालुक्याच्या पश्चिमेला नीरेच्या कालव्यावर ऊस आहे, तिथल्या बागायतदाराला हे निभतं. जिरायती पट्ट्यात, पावसावर आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांत, एका पोराचा खुराक म्हणजे दुसऱ्या पोराची फी. असं घर फार काळ थांबू शकत नाही. पोराने लवकरात लवकर पन्नास हजारांच्या ओळीत यावं, ही तिथे गरज असते. तिला हाव म्हणणं अन्यायाचं आहे.

धोका इथेच आहे. इनामाचा पैसा हंगामी असतो आणि तो शरीरावर अवलंबून असतो. गुडघ्याचा सांधा एकदा निखळला की वर्ष जातं. खांदा गेला तर कधीकधी कारकीर्दच जाते. पावसाळ्यात मैदानं नसतात, दुष्काळी वर्षात यात्रा कमिट्या हात आखडतात आणि कोविडच्या काळात दोन वर्षं यात्राच भरल्या नाहीत. त्या दोन वर्षांत कित्येक पैलवान शेतमजुरीला गेले, पण खुराक तर चालू ठेवावाच लागला.

कबड्डीचं गणित निराळं. तिथे इनाम गावाकडून येत नाही, लिलावात ठरतं. 2014च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा संघाने 12 लाख 80 हजारांना घेतलं होतं. पाच वर्षांनी, 2019मध्ये, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईवर तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख लावले. त्याच्या आदल्या हंगामात यू मुंबाकडे त्याची किंमत 36 लाख 40 हजार होती. दुखापतीमुळे आठव्या हंगामातले बहुतेक सामने त्याला बाहेर बसून काढावे लागले. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार अत्यंत गरिबीतून वर आला. 2023च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि 1 मार्च 2024 रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणाला 28-25 असं हरवून पहिल्यांदा लीग जिंकली. ही नावं ऐकून बारामतीच्या पटांगणावरची पोरं कॉलेजच्या तासाला दांडी मारून सरावाला थांबली, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण कबड्डीत वयाची आणि वजनाची पायरी आहे आणि ती पालकांनी समजून घ्यायला हवी. किशोर गट सोळा वर्षांखालचा, वजन 55 किलोच्या आत. कुमार गट वीस वर्षांखालचा, 70 किलोच्या आत. खुल्या गटात पुरुषांची मर्यादा 85 किलो. कुमार गटात चमकलेला पोरगा खुल्या गटात येतो, तेव्हा त्याच्यासमोर पंधरा किलो जास्त वजनाचे, दहा वर्षं जास्त खेळलेले पकडपटू असतात. ते वजन आणि तो अनुभव यायला तीन-चार वर्षं लागतात. नेमकी पदवीची वर्षं. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ज्या काळासाठी कॉलेज सोडलं, त्या काळात लीग दार उघडतच नाही.

मुलींच्या बाबतीत हे सगळं उलटं आहे. 2016मध्ये प्रो कबड्डीच्या सोबतीने तीन संघांची महिलांची स्पर्धा झाली, पण पुरुषांसारखी दरसाल चालणारी लीग तिच्यातून उभी राहिली नाही. त्यामुळे शिक्षण सोडून जावं असं ठिकाणच मुलींपुढे नाही. उलट बारामतीजवळच्या शारदानगरसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलीला कॉलेजचा संघ हाच घरी सांगायला आधार असतो: स्पर्धा आहे, सर्टिफिकेट मिळेल, पोलिसात भरती होता येईल, लग्नाचं दोन वर्षं थांबा. पुण्याकडची प्रियांका इंगळे जानेवारी 2025मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि संघ जिंकला. असे फोटो वर्तमानपत्रात येतात तेव्हा घरातलं ते बोलणं थोडं सोपं होतं.

पोलीस भरतीचा विषय निघालाच आहे तर तो नीट पाहू, कारण बारामती-इंदापूरच्या नव्वद टक्के पैलवानांचं स्वप्न शेवटी महाराष्ट्र केसरीची गदा नसून सरकारी नोकरी असतं. नेमका आकडा म्हणून नव्हे, तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या कोणालाही विचारा म्हणून सांगतो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण पोलीस शिपाई व्हायला बारावी लागते आणि फौजदार व्हायला पदवी. राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक गळ्यात असलं तरी बारावीचा दाखला हातात नसेल, तर शिपायाच्या अर्जावरही ते पदक लिहिता येत नाही. अग्निवीराच्या सर्वसाधारण भरतीला दहावी चालते, पण ती नोकरी चार वर्षांची आणि त्यानंतर चारातला एकच कायम होतो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, हे तालमीत सर्वांना माहीत असतं. अर्जाच्या रकान्यात शिक्षण विचारतात, हे तितकं माहीत नसतं.

खाशाबा जाधवांची गोष्ट पुन्हा सांगायला हवी, कारण ती नेहमी पदकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि त्यातलं कॉलेज मागे पडतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. 1952च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. 1955मध्ये ते पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. इथे कॉलेजने खेळाडूला धरून ठेवलं ते हजेरीच्या नियमाने नव्हे, पैशाची जबाबदारी उचलून. माझं म्हणणं एवढंच आहे की मूल शिकत राहतं की निघून जातं, हे त्याच्या निष्ठेपेक्षा मधल्या वर्षांचा खर्च कोण उचलतं यावर ठरतं.

अमेरिकेतल्या आकड्यांनी हेच दाखवलं. तिथल्या कॉलेज खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळे, पण खेळातून पैसा कमवायची बंदी होती. 2021च्या जुलैत ती उठली आणि खेळाडू स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घेऊ लागले. 2021मध्ये मुदतीआधी एनबीएच्या निवडीसाठी नाव देणारे 353 जण होते. 2025मध्ये ते 106 उरले. कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाने पहिला आकडा फुगला होता, हे खरं. तरीही घसरण मोठी आहे. 2025च्या जुलैपासून तर कॉलेजं स्वतःच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली, एका संस्थेला वर्षाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरच्या मर्यादेपर्यंत. ‘शिक्षण पूर्ण करा’ असं पन्नास वर्षं सांगून, नियम करून, कोर्टात भांडून जे झालं नाही, ते पैसा वर्गाच्या बाजूला आल्यावर झालं.

आपल्याकडे इतका पैसा नाही, पण वाटा आहेत. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूला हातखर्चाला महिना 10,000 रुपये मिळतात. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, खाणं, शाळा आणि सराव एका छताखाली असतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच वाटेने आला, रेल्वेत लागला आणि 2024मध्ये पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन परतला. कागलचा शाहू साखर कारखाना स्पर्धा घेऊन निवडलेल्या मल्लांना मानधन देतो. बारामती आणि इंदापुरात साखर कारखान्यांची कमी नाही. मानधनाला ‘कॉलेजात नाव चालू हवं आणि परीक्षा दिलेली हवी’ एवढी एक अट जोडली, तर खुराक आणि पदवी एकमेकांच्या आड यायची थांबतील.

दुसरी वाट तर आपल्याच मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं आणि पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने ही योजना चालते. मुलं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम करतात आणि पैसे घेतात. माझं ठाम मत आहे की विद्यापीठाच्या संघासाठी रोज चार तास घाम गाळणारा पैलवान किंवा कबड्डीपटू हाही काम करतो आणि त्याचे तासही या योजनेत धरले पाहिजेत. कॉलेजच्या आवारातल्या मैदानावर लहान मुलांना शिकवण्याचं काम दिलं तरी सुरुवात होईल.

आणि तरीही ज्याला निघायचंच आहे, त्याच्यासाठी. आंतरविद्यापीठ स्पर्धांत पंचविसाव्या वर्षापर्यंत खेळता येतं, म्हणजे दोन वर्षं बाहेर जाऊन परत आलेल्यालाही विद्यापीठाचा संघ बंद नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसरं पूर्ण करणाऱ्याला पदविका मिळण्याची सोय आहे. त्यासाठी एक छोटा कौशल्यक्रम करावा लागतो. मिळवलेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात. एकोणिसाव्या वर्षी तालमीत गेलेला मुलगा ठरलेल्या मुदतीत परत येऊन उरलेलं शिक्षण जोडून घेऊ शकतो. म्हणून कॉलेजच्या ऑफिसात जाऊन थेट दाखला काढू नये. आधी चालू सत्राचे पेपर द्यावेत, वर्ष पूर्ण करावं, आपल्या खात्यात श्रेयांक चढल्याची खात्री करून घ्यावी आणि क्रीडा संचालकांकडून खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेची प्रमाणपत्रं सही-शिक्क्यानिशी घ्यावीत. भरतीच्या वेळी पडताळणी होते ती याच कागदांची आणि पाच वर्षांनी ती शोधायला गेलं तर तेव्हाचे संचालक निवृत्त झालेले असतात.